मार्क बाकी

शुक्रवारी दुपारी आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये काम सोडून बाकी सगळ्या विषयांवर मतं मिळतात. परवाचा विषय होता रेडिओहेड. 'ओके कंप्युटर' भारी की 'इन रेनबोज'? टेस्टिंगमधला चोवीस वर्षांचा एक पोरगा 'इन रेनबोज'च्या बाजूने जीव तोडून भांडत होता. २००७ साली या बँडने तो अल्बम नेटवर टाकला आणि लोकांना सांगितलं, हवे तेवढे पैसे द्या, नाही दिले तरी चालेल. "असला माज फक्त खरंच चांगलं म्यूझिक करणाऱ्याला परवडतो," हे त्याचं आर्ग्युमेंट. समोर आमची कोल्हापूरची डिझायनर. ती १९९७च्या 'ओके कंप्युटर'वरून एक इंच हलायला तयार नव्हती.

या टेबलावरचा सीनियर मी. वय बेचाळीस, कॅसेटच्या जमान्यातला माणूस. त्यामुळे शेवटी सगळे माझ्याकडे वळले. मी चहाचा एक घोट घेतला, जरा थांबलो आणि म्हणालो, "दोन्ही ठीक आहेत रे. पण खरी गंमत 'किड ए'मध्ये आहे. २०००. तिथे त्यांनी गिटारचं रॉक स्वतःच्या हातांनी मोडून टाकलं."

टेबल गप्प. टेस्टिंगवाला मान डोलवायला लागला. काय सांगू राव, हे फीलिंग काही वेगळंच असतं.

आता तुम्हाला म्हणून सांगतो. 'किड ए' मी आजवर सलग ऐकलेला नाही. तिसऱ्या-चौथ्या गाण्यानंतर कधी फोन येतो, कधी झोप. ते वाक्य कुठेतरी वाचलेलं आहे, आणि गेली वीस वर्षं मी ते निरनिराळ्या कॅन्टीनमध्ये वापरतोय. एकदाही कुणी पकडलेलं नाही.

तेवढ्यात डिझायनर म्हणाली, "सर, मराठीत सिंगर-साँगरायटर कोण? म्हणजे स्वतः लिहिणार, स्वतः चाल लावणार, स्वतःच गाणार. नुसता एक माणूस आणि एक वाद्य."

"संदीप खरे!" टेस्टिंगवाल्याने बझर दाबल्यासारखं उत्तर दिलं. बरोबरच होतं. सलील कुलकर्णींबरोबरचं 'आयुष्यावर बोलू काही' २००३ मध्ये सुरू झालं, तेव्हा आपल्या कविता आपणच गाणारा हा माणूस माझ्या पिढीतल्या निम्म्या हॉस्टेलांमध्ये वाजत होता. टेबलाने उत्तर पास केलं.

माझ्याकडे या प्रश्नाचं आणखी एक उत्तर होतं. तेही माझं नव्हतं. १९९८ साली दहावीतल्या एका मुलाने दिलेलं. ते मी बोललो नाही, कारण त्याच्या मागोमाग जी गोष्ट येते ती कॅन्टीनमध्ये सांगण्यासारखी नाही. इथे सांगतो.

मी कोरपना तालुक्यातला. पुण्यात हे सांगितलं की लोक म्हणतात, "कोपरगाव का?" नाही हो. कोपरगाव नगर जिल्ह्यात. कोरपना चंद्रपूर जिल्ह्याच्या पार टोकाला. राजुरा सोडून गडचांदूरवरून पुढे जात राहिलात तर रस्ता आदिलाबादला पोचतो, म्हणजे आजच्या तेलंगणात. एका बाजूला पैनगंगा, दुसऱ्या बाजूला माणिकगडचे डोंगर. वर काळी माती आणि कापूस, खाली चुनखडीचा दगड. दगडामुळे सिमेंटचे कारखाने आले, कारखान्यांमुळे कॉलन्या आल्या. अशाच एका कॉलनीत मी वाढलो. आत बंगाली, राजस्थानी, तेलुगू, मराठी अशी सगळी साहेबमंडळी, इंग्लिश मीडियमची शाळा, क्लब आणि केबल टीव्ही. बाहेर तालुका. मधे एक गेट.

कॉलनीतला एक दादा नागपूरला इंजिनीअरिंगला होता. १९९८च्या दिवाळीत तो एक नव्वद मिनिटांची कॅसेट घेऊन आला. ए साइडला निर्वाणाचं 'अनप्लग्ड इन न्यूयॉर्क', बी साइडला जेफ बकलीचा 'ग्रेस'. कॉपीची कॉपी, त्या कॉपीची कॉपी. ओरिजिनल कॅसेटला सव्वाशे रुपये लागायचे, आणि एवढे पैसे आमच्यापैकी कुणाकडेच नसायचे. सोबत त्याने काही जुनी इंग्रजी म्यूझिक मॅगझिन्सही आणली होती. ती मी गाण्यांच्या आधी वाचून संपवली. माझ्या आजाराची सुरुवात तिथून आहे.

गडचांदूरच्या गणिताच्या ट्यूशनला माझ्या बाजूला एक मुलगा बसायचा. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेला, वडलांची कापसाची थोडी शेती. त्याला गाण्यांचं वेड. मी त्याला घरी बोलावलं. तो सायकलने यायचा. गेटवर वॉचमन रजिस्टरमध्ये नाव लिहून घ्यायचा आणि विचारायचा, "कशासाठी?" हा म्हणायचा, "गाने आयकाले." रजिस्टरमध्ये काय लिहिलं जायचं, देव जाणे.

वहीची आयडिया त्याची. दोनशे पानी वही. प्रत्येक गाण्यावर दोघांनी मत लिहायचं आणि दहापैकी मार्क द्यायचे. नियमही त्याचेच, दोनच. एक, तीनदा ऐकल्याशिवाय लिहायचं नाही. दोन, शेवट ऐकल्याशिवाय मार्क नाहीत.

आता गंमत बघा. 'अनप्लग्ड' अल्बम आहे जवळपास चौपन्न मिनिटांचा. नव्वदच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. चौदा गाण्यांपैकी बारा कशीबशी मावायची. तेरावं सुरू होतंय न होतंय तोवर टेपरेकॉर्डरचं बटण खट्‌ करून वर यायचं. मी वहीत लिहिलं, "ग्रंज चळवळीचा हा शोकांत दस्तऐवज आहे. ९/१०." अहो, ग्रंज म्हणजे काय हेसुद्धा मला धड माहीत नव्हतं. एवढं कळलेलं होतं की कर्ट कोबेन १९९४च्या एप्रिलमध्ये गेला आणि हा अल्बम त्यानंतर, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये आला. शोकांत शब्द बसत होता, लावून टाकला.

माझ्या खाली त्याने लिहिलं, "शेवट आयकला नाही. मार्क बाकी."

आणि मग त्याने ते उत्तर दिलं. 'सिंगर-साँगरायटर' हा शब्द मी मॅगझिनमधून उचलला होता आणि त्याला मोठ्या तोऱ्यात समजावत होतो. तो ऐकत राहिला आणि म्हणाला, "म्हंजे तुकडोजी महाराज. गिटारच्या जागी खंजिरी."

मी फिस्सकन हसलो. आज विचार करतो तर त्यात काय चूक होतं? राष्ट्रसंत तुकडोजी महाराज, १९०९ ते १९६८. भजनं स्वतः रचायची, खंजिरी हातात घेऊन स्वतःच गायची, गावोगाव फिरायचं. लोक जमायचे ते त्या आवाजासाठी आणि त्या शब्दांसाठी. १९४२ मध्ये आमच्याच जिल्ह्यातलं चिमूर पेटलं. त्या आंदोलनात इंग्रजांनी महाराजांना तुरुंगात टाकलं, कारण भजनांनी माणसं उठतात हे सरकारलाही कळत होतं. अमेरिकेत असा माणूस झाला असता तर त्याच्यावर चार डॉक्युमेंटऱ्या निघाल्या असत्या आणि आपण त्या रविवारी रात्री बघितल्या असत्या. माझ्या मित्राचे वडील गावच्या भजन मंडळात खंजिरी वाजवायचे. पोराचा कान रोज संध्याकाळच्या प्रार्थनेत तयार झालेला. एक आवाज, एक वाद्य, आणि मधली रिकामी जागा. ही जागा कशी ऐकायची हे त्याला माझ्याआधी कळत होतं. इंग्रजी मात्र मला जास्त येत होतं, आणि आमच्या कॉलनीत तेवढ्यावर भागायचं.

बी साइडवर बकलीचं 'हॅलेलुया' होतं. मूळ गाणं लेनर्ड कोहेनचं, १९८४ मधलं. बकलीने ते १९९४ मध्ये 'ग्रेस'मध्ये गायलं. फक्त आवाज आणि इलेक्ट्रिक गिटार. हा बकली पाकिस्तानच्या नुसरत फतेह अली खानांचा वेडा भक्त होता, त्यांची कव्वाली स्टेजवर गायचा. १९९७च्या मे महिन्यात मेम्फिसजवळ नदीत बुडून तो गेला, वयाच्या तिसाव्या वर्षी. आम्ही त्याला ऐकत होतो तेव्हा तो जाऊन दीड वर्ष झालं होतं. आमच्याकडच्या मॅगझिनांत ती बातमी नव्हती. आमच्यासाठी तो जिवंतच होता.

त्या गाण्यावर मी अर्धं पान लिहिलं. 'आध्यात्मिक', 'अलौकिक' वगैरे. खाली त्याचं मत होतं:

"गाणं सुरू व्हायच्या आधी हा मानूस श्वास सोडते. वावरातून घरी येऊन बसल्यावर बाबा सोडते तसा. मंग गिटार. १०/१०."

मला तिथे श्वास कधीच ऐकू आला नव्हता. मला ती टेपची खरखर वाटायची. मी रिवाइंड करून पुन्हा लावलं. खिडकीला कान लावावा तसा स्पीकरला कान लावला. होता. श्वासच होता.

पुढचं लिहिताना आजही पेन अडतं. फेब्रुवारीत कॉलनीच्या क्लबमध्ये पोरापोरांची पार्टी होती. नागपूरचा दादा आला होता, त्याचे दोन मित्रही. मला त्यांच्यात भाव खायचा होता. माझा मित्रही आला होता, वॉचमनला नाव देऊन, इस्त्रीचा शर्ट घालून. मी वही काढली आणि त्याचं ते मत सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. त्याच्याच उच्चारात. 'मानूस', 'सोडते', 'वावर', 'मंग', एकेका शब्दावर थांबून. "श्वासाला दहा मार्क!" कुणीतरी ओरडलं. क्लब हसला. मीही हसलो.

तो काही बोलला नाही. कोल्ड्रिंकची बाटली त्याने टेबलावर नीट ठेवली आणि गेला. ट्यूशनला नंतर तो दोन बाक पुढे बसायला लागला. दहावी झाली, मी नागपूरला, मग पुण्याला. वही माझ्याकडेच राहिली.

नंतर कळलेली एक गोष्ट. क्लबमध्ये 'हॅलेलुया'वर आम्ही दात काढले ते १९९९ साल, आणि त्याच वर्षी ते गाणं लिहिणारा कोहेन आपल्या मुंबईत होता. कॅलिफोर्नियाच्या डोंगरावरचा झेन मठ सोडून तो रमेश बाळसेकरांच्या प्रवचनांना येऊन बसायचा. बाळसेकर बँक ऑफ इंडियाचे मोठे अधिकारी होते, निवृत्तीनंतर गुरू झाले. आणि बाळसेकरांचे गुरू निसर्गदत्त महाराज. ते खेतवाडीत राहायचे, विड्यांचं दुकान चालवायचे आणि बोलायचे मराठीत. मोठमोठे लोक दुकानदाराचं मराठी ऐकायला तिथे जायचे. आणि मी दहावीच्या वर्षात एका शेतकऱ्याच्या मुलाच्या मराठीला हसत होतो. हे वाचलं त्या दिवशी मी लॅपटॉप बंद करून बाल्कनीत जाऊन उभा राहिलो.

त्यानंतर केव्हातरी 'हॅलेलुया'बद्दल इंग्रजीत लिहिलेलं काहीतरी वाचत होतो. लेखकाने सुरुवात त्या श्वासापासूनच केली होती.

गेल्या हिवाळ्यात गडचांदूरला एका लग्नाला गेलो. बाबा रिटायर झाले तेव्हाच कॉलनीचं क्वार्टर सुटलं, त्यामुळे तिकडे जाणं तसं होत नाही. या वेळी बॅगेत वही घातली. लग्नात चौकशी केली तर कळलं, त्याचं कोरपन्यात कृषी केंद्र आहे. बियाणं, खत, फवारणीची औषधं. जेवणं झाल्यावर गेलो.

त्याने मला लगेच ओळखलं. "ये, बस," म्हणाला. खुर्ची पुसली, चहा सांगितला. कापसाच्या भावावर बोलणं झालं, पोरांच्या शाळांवर झालं. मधे दोन गिऱ्हाइकं झाली. शेवटी मी वही काउंटरवर ठेवली आणि जे बोलायचं ठरवून आलो होतो ते बोललो. बरंच अडखळत. तेवीस-चोवीस वर्षं पाठ केलेलं भाषण ऐन वेळी चार वाक्यांत संपलं.

त्याने पानं उलटली. 'हॅलेलुया'चं पान आलं तसा थांबला.

"वाचून दाखवलं त्याचं मले काई नाई वाटलं," तो म्हणाला. "पोट्टे हसले त्याचंही नाई. त्याइले काय मालूम? तू हसला त्याचं वाटलं. तुले तर आयकू आला होता ना श्वास?"

"हो."

"मंग?"

या 'मंग'चं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं, आताही नाही. मी सॉरी म्हणालो. तो "हाव" म्हणाला. एवढंच. गळाभेट वगैरे काही नाही, सिनेमा नाही. बाहेर ट्रॅक्टर आला, तो दोन पोती खत देऊन परत आला.

मग त्याने पहिलं पान काढलं. "शेवट आयकला नाही. मार्क बाकी." त्यावर बोट ठेवून म्हणाला, "हे आहे का मोबाइलमंदी?"

मी इयरफोन दिले आणि तेरावं गाणं लावलं. दोन गाणी मिळून साडेनऊ-दहा मिनिटं. १८ नोव्हेंबर १९९३ ला न्यूयॉर्कच्या एका स्टुडिओत लिली आणि मेणबत्त्या मांडून रेकॉर्ड झालेली, आणि कोरपन्याच्या कृषी केंद्रात खताच्या पोत्यांमध्ये बसून ऐकलेली. शेवटचं गाणं निर्वाणाचं नाहीच, अमेरिकेतलं जुनं लोकगीत आहे, लेडबेली या कृष्णवर्णीय गायकाने गाजवलेलं. त्याच्या अगदी शेवटी, ओरडून ओरडून घसा फाटल्यावर, कोबेन क्षणभर थांबतो आणि श्वास घेतो. मी मित्राच्या चेहऱ्याकडे बघत होतो. ती जागा आली तेव्हा त्याने डोळे उघडले.

"किती?" मी विचारलं.

"अजून दोनदा आयकाचं हाये," तो म्हणाला. "वही राहू दे माह्याकडं."

निघताना मी त्याला निक ड्रेकच्या 'पिंक मून'ची लिंक पाठवली. १९७२चा अल्बम, जेमतेम अठ्ठावीस मिनिटांचा. दोन रात्रींत रेकॉर्ड केला होता. तेव्हा फारसा कुणी विकत घेतला नाही, आणि दोन वर्षांनी ड्रेक गेला, सव्वीस वर्षांचा असताना. १९९९च्या अखेरीस एका मोटारीच्या जाहिरातीत त्यातलं गाणं वाजलं आणि लोक दुकानांत तो मागायला लागले. हे सगळं मी त्याला सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. नुसती लिंक पाठवली.

तेरा दिवस काही नाही. मग एका रात्री फोटो आला. वहीचं पहिलं पान. 'मार्क बाकी'च्या खाली नव्या पेनने, "शेवट आयकला. ८. दोन कापले, अर्धवट कॅसेट दिल्याबद्दल."

त्याच्यामागून व्हॉइस नोट. मागे कुठेतरी टीव्ही चालू होता, कुत्रं भुंकत होतं. "ते निक ड्रेकचं आयकलं. तीनदा. पयल्या गान्यात पियानो येते पाय, थोडासा. मले वाटलं का आता पुढं येईन. मंग येतच नाई. पूर्ण अल्बम मी त्या पियानोची वाट पायली. संपला तरी वाटच पाहून राहिलो." मग थोडा वेळ नुसता टीव्हीचा आवाज. "नऊ."

बॉस, 'पिंक मून' मी शंभर वेळा तरी ऐकलाय. पियानो फक्त पहिल्याच गाण्यात आहे हे मी वाचलेलं होतं, पार्ट्यांमध्ये सांगितलंही होतं. पण त्याची वाट मी कधी पाहिली नव्हती. त्या रात्री दिवा बंद करून पुन्हा लावला, आणि पाहिली.

या शुक्रवारी कॅन्टीनमध्ये टेस्टिंगवाल्याने विचारलं, "सर, तुम्ही म्हणाला होतात म्हणून वीकेंडला 'किड ए' पूर्ण ऐकला. ते शेवटचं गाणं... तुम्हाला काय वाटतं?"

सगळं टेबल माझ्याकडे बघत होतं. चहा गरम होता. वाक्य तोंडाशी आलं होतं.

"माझे मार्क बाकी आहेत," मी म्हणालो. "शेवट ऐकलेला नाही. तू सांग."